भाऊ-बहीण दोघंही मोठे शास्त्रज्ञ, अशी उदाहरणं आहेत का? हे घरच्या संस्कारांमुळे होतं का?

आहेत. अठराव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ विल्यम आणि कॅरोलिन हर्शेल. पण कॅरोलिनचं नाव काढलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "ती भावाची मदतनीस होती." आमच्या घरी दादा म्हणायचा. तो भौतिकशास्त्रातला, मला शब्दकोशांचं वेड. नोंदी ठेवणं म्हणजे कारकुनी, असं त्याचं ठाम मत.

१९९७ साली हेल-बॉप धूमकेतू दिसत होता तेव्हा गच्चीवर आजी म्हणाली, "शेंडेनक्षत्र काय झळकतंय!" दादा लगेच, "धूमकेतू म्हण गं, असले शब्द कधीच मेले." मी खालून मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश आणला आणि बॅटरीच्या उजेडात शब्द काढून दाखवला. मग थांबवेना. चंद्राभोवतीचं खळं, फटीतून येणारी उन्हाची तिरीप, कवडसा. कौलातली भोकं वेडीवाकडी असली तरी जमिनीवर कवडसे गोल पडतात, कारण तो प्रत्येक कवडसा सूर्याची प्रतिमा असतो. खंडग्रास ग्रहणात त्यांचीच कोर होते. एवढं बारीक बघणाऱ्यांनी हे शब्द घडवलेत. दादाचं उत्तर एकच, "कोश वाचून कुणी शास्त्रज्ञ होत नाही."

कॅरोलिनने १ ऑगस्ट १७८६ रोजी पहिला धूमकेतू शोधला तेव्हा विल्यम जर्मनीत होता. १७९७ पर्यंत तिच्या नावावर आठ धूमकेतू झाले. इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार मिळत होता. आणि ज्याला कारकुनी म्हणतात ते काम? तिच्या आधीचा खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड, त्याच्या ताऱ्यांच्या निरीक्षणांची तिने सूची केली, ती १७९८ साली छापली गेली. त्याच्या यादीतून सुटलेले ५६० तारे त्यात सापडले. हे अस्सल कोशकाराचं काम आहे.

संस्कारांचं म्हणाल तर आईला ती घरकामालाच हवी होती. १७७२ मध्ये भावानेच तिला इंग्लंडला नेलं, हे त्याचं श्रेय द्यायलाच हवं. युरेनस शोधणारा माणूस थोर होताच, त्याबद्दल वाद नाही.

मुलांना दुर्बीण घेणार असाल तर जरूर घ्या, पण आधी जाडजूड मराठी कोश आणि एक नोंदवही घ्या. दोघा भावंडांत एक बघणारं आणि एक लिहिणारं निघालं, तर लिहिणाऱ्याला कमी लेखू नका. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॅरोलिनला १८२८ साली सुवर्णपदक दिलं, विल्यम जाऊन सहा वर्षं झाल्यावर. ते धूमकेतूंसाठी नव्हतं. तेजोमेघांची, म्हणजे आकाशात ढगासारख्या अंधुक दिसणाऱ्या ठिपक्यांची, यादी नव्याने लावून दिली, त्यासाठी होतं.