एल्फ, ड्वार्फ, ऑर्क: 'रेस'ला मराठीत काय म्हणावं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक गट 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक पात्रं होऊन खेळायच्या खेळाची नियमपुस्तिका मराठीत करतोय. आपलं पात्र एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशा कुठल्या कल्पित लोकांपैकी आहे, ते त्यात 'रेस' सांगते. या 'रेस'ला जात म्हणावं, वंश की प्रजाती, असं त्यांनी विचारलंय.

'जात' नकोच. तो शब्द आला की खेळ बाजूला राहतो. 'कूळ' म्हटलं की कोल्हापूरकराला कुळकायदा आठवणार. 'वंश' एका पूर्वजापासून खाली येतो, तेव्हा तो डोंगरी ड्वार्फ, टेकडीवरचे ड्वार्फ अशा पोटभेदांसाठी राखून ठेवा. 'प्रजाती' जीवशास्त्रात शोभते.

माझं मत 'योनी'ला. अमरकोशात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत या दहांना 'देवयोनी' म्हटलंय. मनुष्ययोनी, पिशाच्चयोनी, चौऱ्याऐंशी लक्ष योनी हे तर रोजच्या बोलण्यातलं. सुटा शब्द चारचौघांत अवघड वाटतो, म्हणून जोडूनच वापरा: एल्फयोनी, ऑर्कयोनी.

योनी म्हटली की तिच्यामागे कथा येते. यक्ष कुबेराचं धन राखतो, तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न घालतो. आपला कोल्हासुर बघा. अंबाबाईच्या हातून मरताना त्यानं वर मागितला, या क्षेत्राला माझं नाव राहू दे. मारणारी देवी आणि मरणारा असुर, दोघांचीही आठवण एकाच गावानं जपली.

या खेळातही अशी श्रीमंती होती. त्याच्या 2014 च्या नियमपुस्तकात ड्वार्फचं नाव त्याचं स्वतःचं नसतं, कुळाचं असतं. कुळातला वडीलधारा ते देतो. कुळाला काळिमा फासला तर ते काढून घेतात आणि पुन्हा कुठलंही ड्वार्फी नाव लावायला कायद्यानं बंदी. एवढ्या एका रीतीवर चार रविवार खेळता येईल! 2024 च्या आवृत्तीत 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आला. ताकद-बुद्धीचे वाढीव गुण पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडले गेले. हे योग्यच झालं. जन्मावरून अक्कल ठरवणं आपल्याला तरी कसं पटावं? पण त्याबरोबर वर्णनंही आखडली आणि भर अंगभूत शक्तींवर आला. अंधारात किती फूट दिसतं ते कळतं, पण घरात मयत झाल्यावर ड्वार्फ काय करतात ते कळत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा तुमच्या पुस्तिकेत प्रत्येक योनीखाली आकड्यांच्या आधी रीती लिहा: नाव कोण ठेवतं, मेलेल्याला कुठे नेतात, शपथ कशाची घेतात. एल्फला गंधर्व आणि ऑर्कला असुर मात्र करू नका. असुर हे देवांचे सावत्र भाऊ, पांडवांची सभा बांधणारा मय त्यांच्यातलाच. ऑर्कांची कथा निराळी आहे, ती ऑर्क याच नावानं येऊ द्या.