घरातले कुठले कागद ठेवायचे, कुठले टाकायचे?
कपाटं कागदांनी भरलीत, काय टाकू आणि काय ठेवू, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमची लोखंडी पेटी पाण्यात गेली. आजोबांच्या खरेदीखताची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला, शाईचा निळा डाग तेवढा उरला. तेव्हापासून एकच बघतो: हा कागद पुन्हा मिळवायला किती हेलपाटे पडतील?

खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, विम्याची पॉलिसी यांच्या मूळ प्रती झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. खालच्या कप्प्यात अजिबात नको. सातबारा, 8-अ या जमिनीच्या सरकारी नोंदींचे जुने उतारे साठवू नका. डिजिटल सहीचा ताजा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो आणि कायदेशीर कामाला चालतो. हस्तलिखित जुना फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) असेल तर तो मात्र जपा.

दुकानातल्या गुळगुळीत बिलांवरची अक्षरं उन्हाने, उष्णतेने उडून जातात. वॉरंटीचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढा. लाइटबिलं वर्षभराची पुरेत. आणि आधारची झेरॉक्स रद्दीवाल्याला तशीच देऊ नका, बारीक फाडून मगच टाका.