हुशार, शिकलेल्या लोकांना मुलं कमी का असतात?

हुशारीपेक्षा शिक्षण आणि पैसा पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) कधीच शाळेत न गेलेल्या बायकांचा जननदर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) २.८ आहे, तर बारावी वा पुढे शिकलेल्यांचा १.८. सर्वांत गरीब गटात तो २.६, सर्वांत श्रीमंत गटात १.६.

यावरून गरिबाला अक्कल कमी ठरवणं हा निव्वळ उद्दामपणा. मुलगी शिकली की लग्न लांबतं, घरात तिच्या शब्दाला वजन येतं. पेन्शन नसलेल्या घरात म्हातारपणाची काठी म्हणजे मुलगाच, म्हणून दोन मुलींनंतरही ‘अजून एकदा बघू’ चालतं. शहरात फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी, पाळणाघर यांचा हिशोब एका मुलावरच संपतो.

सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांना मात्र पदवीधर बायकांना मुलं कमी झाली तर देशाची बुद्धी घटेल अशी धास्ती होती. १९८४ मध्ये तीन मुलं असलेल्या पदवीधर आईच्या मुलांना शाळाप्रवेशात प्राधान्य दिलं. लोक भडकले आणि १९८५ मध्ये योजना गुंडाळली. स्वीडनमध्ये तर लष्करभरतीच्या बुद्धिचाचणीत जास्त गुण मिळवलेल्या पुरुषांना सरासरी मुलं जास्तच आढळली.