आधी स्वतःचा खर्च मोजा

वजन कमी करायचं म्हणून एकदम दिवसाला १००० कॅलरीवर उतरू नका, ही पहिली विनंती. थायरॉइड, मधुमेह असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, यकृत यांना इंधन लागतंच. बहुतेकांच्या रोजच्या कॅलरींच्या खर्चातला ६० ते ७० टक्के वाटा तिथेच जातो. तो काढायला मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र वापरा: किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. शेवटी बाईसाठी १६१ वजा, पुरुषासाठी ५ अधिक. ३५ वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची, ७० किलोची बाई १३६४ वर येते. बैठं काम असेल तर गुणिले १.२, म्हणजे दिवसाचा एकूण खर्च साधारण १६४० कॅलरी. यातून सुरुवातीला २००-३००च कमी करा.

हालचाल जास्त तसा हा गुणक मोठा; तो निवडताना मात्र स्वतःशी प्रामाणिक राहा. आठवड्यातून तीनदा चालायचे म्हणून मी मोठा गुणक धरला आणि दोन महिने काटा जागचा हलला नाही.

वजन रोज सकाळी करा, पण बघा सात दिवसांची सरासरी. खारट खाल्लं की दुसऱ्या दिवशी काटा वर जातो; ते पाणी असतं, चरबी नव्हे, घाबरू नका. आणि वजन उतरलं की खर्चही उतरतो, म्हणून दर चार-पाच किलोंनंतर गणित पुन्हा मांडा.