सोलाटोपी सोलापूरची का?

सोलापुरातल्याच एका वाचकाने विचारलं आहे: "मी जुन्या हॅट्स जमवतो. परवा जुन्या सामानाच्या दुकानात खाकी कापड चढवलेली, हातात घेतली तर वजनच नाही अशी साहेबी हॅट मिळाली. दुकानदार म्हणाला, ही शोलाटोपी, म्हणजे शोलापूरची. शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, नाही, सोलर टोपी, उन्हासाठी असते ती. खरं कोणाचं? आणि माझ्या छंदाला मराठीत काय म्हणावं, 'विंटेज'ला काय शब्द वापरावा? टोप्या जमवतो म्हटलं की लोक हसतात."

दोघांचंही खरं नाही, पण दोघेही चुकले ते फार समजण्यासारखं आहे. शब्द कानावर पडला की मन त्याला जवळचा अर्थ शोधतं. आपल्या गावाचं नाव इंग्रजांच्या कागदांत शोलापूर असंच लिहिलेलं असायचं. त्यामुळे शोलाटोपी आणि शोलापूर ही जोडी दुकानदाराच्या मनात आपोआप जमली. इंग्रजांचंही तेच झालं. टोपी उन्हात घालायची, तिचं नाव सोला, म्हणजे ते 'सोलर'च असणार, असं त्यांनी धरलं आणि तसंच म्हणत राहिले. ही समजूत इतकी पसरली होती की अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला, त्यातही 'सोलर' हा अपभ्रंश आहे असं मुद्दाम सांगावं लागलं.

मूळ शब्द शोला. ती दलदलीत, साचलेल्या पाण्यात वाढणारी एक वनस्पती आहे, बंगालमध्ये मुबलक. तिच्या खोडाची साल काढली की आत पांढराशुभ्र, स्पंजासारखा गाभा निघतो. त्याचे पातळ पापुद्रे काढायचे, साच्यावर एकावर एक चिकटवत जायचे, वाळले की वरून कापड चढवायचं, अशी ही टोपी तयार होते. गाभ्यात हवाच हवा, म्हणून डोक्याला ऊन लागत नाही आणि मानेला भारही होत नाही. बंगालमध्ये नवरदेवाच्या डोक्यावरचा उंच पांढरा टोपर आणि दुर्गेच्या मूर्तीचे पांढरे दागिने याच शोल्याचे करतात.

आता यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. या शोल्याला मराठीत स्वतःचा शब्द आहे: भेंड. भाजीच्या भेंडीशी त्याची गल्लत करू नका. भेंडाची बाशिंगं आपल्याकडे होत असत. आता बाशिंग म्हटलं की पुठ्ठा, थर्माकोल आणि चमकीचे मणी डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे भेंड हा शब्द वस्तूबरोबरच मागे पडला. 'गुडघ्याला बाशिंग बांधणे' आपण रोज म्हणतो, पण बाशिंग कशाचं करत हे विचारलं तर सांगता येत नाही. ज्या गाभ्याचं बाशिंग नवऱ्याच्या कपाळावर, त्याचीच टोपी कलेक्टरसाहेबाच्या डोक्यावर! म्हणून सोलाटोपीला अस्सल मराठीत नाव द्यायचंच असेल तर ते 'भेंडाची टोपी' हेच. हा शब्द तुमच्या संग्रहाच्या निमित्ताने पुन्हा चार लोकांच्या तोंडी आला तर मला मनापासून आनंद होईल.

आपल्या गावाच्या नावाचंही थोडं सांगतो, कारण तिथेही असंच झालं आहे. सोळा गावं मिळून सोलापूर, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळातलं, म्हणजे बाराव्या शतकातलं, नाव सोन्नलगे किंवा सोन्नलिगे असं आढळतं. कन्नड वचनसाहित्याचे वाचक आजही त्यांना सोन्नलिगेचे सिद्धराम म्हणूनच ओळखतात. पुढच्या लेखांत सोनलपूर, संदलपूर अशी रूपं दिसतात. म्हणजे सोळाशीही संबंध नाही आणि शोल्याशी तर नाहीच.

तुमच्या हॅटभोवती घड्या घातलेल्या कापडाची पट्टी आहे का पाहा. इंग्रजीत तिला 'पगरी' म्हणतात, आणि तो शब्द म्हणजे आपली पगडीच. उन्हाळ्यात डोक्याला कापड गुंडाळायची इथली रीत साहेबांनी पाहिली, कापड हॅटवर गुंडाळलं आणि कापडाबरोबर शब्दही नेला. इथल्या वनस्पतीची हॅट आणि तिच्यावर इथलीच पगडी. साहेबी म्हणतात त्या टोपीत साहेबाचा निव्वळ घाट होता, असं मला तरी वाटतं.

एक खबरदारी. अशा आकाराची प्रत्येक हॅट सोलाटोपी नसते. इंग्रज फौजेतल्या वूल्झली पद्धतीच्या हेल्मेटात भेंड नसून बूच असे. ते हाताला कडक आणि जड लागतं. भेंडाची टोपी बोटाने दाबली तर किंचित दबते, आणि आतल्या चामडी पट्टीची शिवण कुठे उसवली असेल तर तिथून पांढरा गाभा दिसतो. ओल्या फडक्याने मात्र कधी पुसू नका, भेंड पाणी शोषतं आणि घाट बिघडतो.

आता टोपी आणि हॅट. टोपी हा आपल्याकडे फार ऐसपैस शब्द आहे. बाळाचं टोपरं, कानटोपी, माकडटोपी, गांधी टोपी, महाराजांचा जिरेटोप, पेनाचं टोपण आणि माणसाचं टोपणनाव, सगळं त्याच घरातलं. युरोपियनांना तर नावच त्यावरून पडलं: शिवकाळानंतरच्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) या साऱ्यांना मिळून 'टोपीकर' म्हटलं आहे. पागोटी, मुंडाशी बांधणाऱ्या लोकांना या परक्यांची पहिली ओळख डोक्यावरून पटली. तेव्हा हॅटला टोपी म्हणणं चूक नाही, तीनशे वर्षांहून जुनं आहे. पण आजच्या बोलण्यात भोवती कड असलेली ती हॅट आणि कड नसलेली ती टोपी, हा फरक पक्का झालाय आणि तो सोयीचा आहे. संग्रहाला एकच नाव हवं असेल तर मी 'शिरोभूषण' सुचवणार नाही. तो शब्द सत्काराच्या भाषणात बरा, बाजारात घासाघीस करताना जड. 'जुन्या हॅट-टोप्या' म्हणा, सगळ्यांना कळेल.

लोक हसतात त्याचं कारण अर्थात 'टोपी घालणे', म्हणजे फसवणे. आपल्या गावात हा वाक्प्रचार चुकवायला जागाच नाही, हे मला फार गमतीचं वाटतं. कन्नडमध्ये 'टोपी हाकु', तेलुगूत 'टोपी पेट्टु', हिंदी-दखनीत 'टोपी पहनाना', सगळ्यांचा अर्थ तोच. चाटी गल्लीतून (चाटी म्हणजे कापडविक्या, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो) पूर्व भागातल्या विणकर वस्तीपर्यंत चालत गेलात तर एकाच अर्थाची टोपी तीन-चार भाषांत भेटेल. पण हे सगळं 'घालण्या'ला लागू आहे. टोपी जमवण्याला, शोधण्याला, जपण्याला कुठल्याच भाषेत वाईट अर्थ नाही. तुम्ही निःसंकोच सांगा.

'विंटेज'ला मराठी शब्द हवा म्हणता, तर 'जुनाट' वापरू नका, त्यात तुच्छता आहे आणि दुखणंही जुनाटच असतं. 'जुन्या वळणाची' म्हटलं तर कालपरवा शिवलेली हॅटही त्यात बसते. 'जुन्या काळची' हे नेमकं आहे. विंटेजही वापरायला हरकत नाही. तो मूळचा द्राक्षांच्या तोडणीचा शब्द, आणि द्राक्षबागांच्या आपल्या जिल्ह्याला तो परका वाटू नये.

तुमच्या त्या हॅटखाली चिठ्ठी लावायची झाली तर मी इतकंच लिहीन: सोलाटोपी. भेंडाची, वरून खाकी कापड, पगरीसह. जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली, सोलापूर.