क्वांटम कॉम्प्युटिंग शिकायचंय? आधी हे कर

घाबरू नकोस, पण थेट क्वांटमवर उडीही मारू नकोस. आधी साध्या चिपचं दुखणं समजून घे. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे इवले स्विच, लहान होत गेले, तरी २००५च्या सुमारास चिपच्या क्लॉकचा (कामाच्या ठोक्यांचा) वेग अडकला तो उष्णतेपायी. शिवाय ट्रान्झिस्टरमधले वीज अडवणारे थर इतके पातळ झाले की इलेक्ट्रॉन त्यातून गळतात. स्विच बंद असतानाही वीज जातेच. आणि चिपच्या जाहिरातीतलं '३ नॅनोमीटर' हे नुसतं पिढीचं नाव आहे, माप नव्हे. मी बरेच दिवस ते माप शोधत बसलो होतो!

सुरुवातीला दोनच कामं:

- दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचे गुणाकार हाताने कर.
- सिम्युलेटरवर (साध्या संगणकावर क्वांटम संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ० स्थितीतल्या क्यूबिटला, म्हणजे क्वांटम बिटला, हॅडामार्ड गेट लाव. गेट म्हणजे क्यूबिटची स्थिती बदलणारी क्रिया; कागदावर ती दोन बाय दोनची मॅट्रिक्सच. मोजलंस तर निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा १. मधे न मोजता तेच गेट दोनदा लाव: दर वेळी ०. १ कुठे गेला, हे कागदावर सोडव.

नवखे हमखास चुकतात ते इथे: 'क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासतो.' मोजताना हाती एकच लागतं. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी मांडणी करावी लागते, आणि ती मोजक्याच प्रश्नांना जमते. पीटर शोर या गणितज्ञाने १९९४मध्ये ती मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासाठी जमवली. एरर करेक्शन (क्यूबिटमधल्या चुका दुरुस्त करणं) सध्या बाजूला ठेव. गेटचं कोडं सुटलं की सांग.