खोडलेली पाच रीडिंग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. स्प्रिंगला एकेक वजन लावत सोळा रीडिंग घेतलीस, आलेख काढलास आणि खाली लाल शाईने लिहिलंस, "नियम सिद्ध झाला." हा हूकचा नियम: वजन वाढवावं त्याच प्रमाणात स्प्रिंगची लांबी वाढते. रेषा सुरेख सरळ आली आहे. माझी नजर मात्र काट मारलेल्या पाच आकड्यांवर अडकली. पहिले दोन आणि शेवटचे तीन. शेजारी बारीक अक्षरात "चूक" असं लिहिलं आहेस. काट पुसट आहे, आकडे वाचता येतात, याचा मला फार आनंद झाला. हे पत्र त्या पाच आकड्यांसाठी आहे.

पहिल्या दोन वजनांना स्प्रिंग हललीच नाही, म्हणून तू ती रीडिंग टाकून दिलीस. आता तीच स्प्रिंग टेबलावर ठेवून बघ. तिचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत ना? अशी स्प्रिंग वळतानाच तारेत थोडा ताण भरून राहतो. सुरुवातीचं वजन तो ताण सोडवण्यातच खर्ची पडतं आणि वेढे सुटे झाले की मगच लांबी वाढू लागते. म्हणजे ती दोन्ही रीडिंग अचूक होती. तुझी रेषा मागे वाढवलीस तर ती शून्यातून जाणार नाही, आणि तिने जाऊही नये. वजनाच्या अक्षाला ती जिथे छेदेल, तिथे स्प्रिंगमध्ये मुळात किती ताण होता याचा आकडा मिळेल. तुझ्याच वहीत एक मोजमाप पडून होतं आणि त्यावर तू काट मारलीस.

शेवटची तीन रीडिंग रेषेच्या वर गेली, कारण तार तिच्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे ओढली गेली. वजनं काढल्यावर स्प्रिंग मूळ लांबीवर परत आली का, हे तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज आहे की आली नसणार.

रॉबर्ट हूकने हा नियम 1676 साली अक्षरांची अदलाबदल केलेलं लॅटिन कोडं म्हणून छापला आणि 1678 मध्ये त्याची उकल दिली: जितकी लांबी वाढते, तितका जोर. असं का होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आज आपल्याला ते सांगता येतं. घन पदार्थातला प्रत्येक अणू शेजाऱ्यांच्या ओढाताणीत एका समतोलाच्या जागी बसलेला असतो. त्याला तिथून किंचित हलवलं तर परत खेचणारं बल जवळजवळ सरळ रेषेत वाढतं, कारण कोणतीही गुळगुळीत वक्ररेषा पुरेशी जवळून पाहिली की सरळच दिसते. स्प्रिंग ताणताना तार खरं तर पिळली जाते, पण आतली गोष्ट तीच. म्हणून पोलाद, काच, लाकूड अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या पदार्थांत हा नियम सापडतो, आणि म्हणूनच तो कुठेतरी सुटणारही असतो. "किंचित" हा शब्द त्याच्या पोटातच आहे. तुझ्या शेवटच्या तीन आकड्यांनी तो किंचितपणा कुठे संपतो ते दाखवलं.

मीही विद्यार्थी असताना हेच केलं होतं. उकळतं पाणी कसं निवतं ते मोजत होतो. भोवतालापेक्षा वस्तू जितकी जास्त गरम, तितकी ती भरभर निवते, हा न्यूटनचा नियम. माझी सुरुवातीची रीडिंग नियमापेक्षा फार वेगाने उतरत होती. तापमापी सदोष आहे असं ठरवून मी ती गाळली आणि स्वच्छ आलेख घेऊन गेलो. शिक्षकांनी एवढंच विचारलं, "भांड्यातलं पाणी कमी झालं का?" मी पाहिलंच नव्हतं. पाण्याची वाफ होत होती आणि ती उष्णता घेऊन जात होती. झाकण ठेवून पुन्हा मोजलं तेव्हा वक्ररेषा बरीच जुळली. तो प्रश्न आजही मला प्रत्येक आलेखासमोर आठवतो.

आता केप्लरकडे ये. केप्लर आणि टायको ब्राहे हे दोघे खगोलशास्त्रज्ञ. ब्राहेने दुर्बिणीशिवाय वर्षानुवर्षं मंगळाच्या नोंदी ठेवल्या होत्या. केप्लरने वर्तुळांची एक रचना बसवली, ती बहुतेक नोंदींशी छान जुळली, आणि काही ठिकाणी फरक राहिला 8 कलांचा. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे 30 कला असते, तिच्या चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक एवढा हा फरक. दुसऱ्या कोणी तो मोजणाऱ्याच्या माथी मारला असता. ब्राहेची चूक एवढी मोठी असणार नाही हे केप्लरला माहीत होतं, म्हणून त्याने स्वतःची रचना मोडली. 1609 मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार ठरली. इथे मला केप्लरइतकंच ब्राहेचं मोल वाटतं. आपल्या मापात किती चूक असू शकते हे ठाऊक नसेल तर 8 कला ही बातमी आहे की धूळ, हे कळायला मार्गच नाही. तुझ्या वहीत फुटपट्टीची अचूकता कुठेच लिहिलेली नाही.

तू विचारलं आहेस की आकड्यांत नमुना सापडला म्हणजे नियम सापडला का. याचं उत्तर मला एका जुन्या मालिकेतून द्यायचं आहे. 0, 3, 6, 12, 24, 48, 96 असे आकडे घे, प्रत्येकात 4 मिळव आणि 10 ने भाग. येतात 0.4, 0.7, 1, 1.6, 2.8, 5.2, 10. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर 1 धरलं, तर ही जवळजवळ बुधापासून शनीपर्यंतच्या ग्रहांची अंतरं आहेत, फक्त 2.8 ची जागा रिकामी. टिटियस या जर्मन अभ्यासकाने 1766 मध्ये हे मांडलं आणि पुढे बोडे या खगोलशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलं. 1781 मध्ये युरेनस सापडला: मालिका सांगते 19.6, तो निघाला 19.2 वर. 1801 मध्ये रिकाम्या जागी सेरेस हा बटुग्रह सापडला, 2.77 वर. त्या काळी मी असतो तर मीही विश्वास ठेवला असता. मग 1846 मध्ये नेपच्यून सापडला. मालिकेप्रमाणे तो 38.8 वर हवा होता, तो आहे 30.1 वर. नेपच्यून सोडून द्या आणि त्याच्या जागी प्लूटो धरा, तो 39.5 वर आहे, असंही पुढे सुचवलं गेलं. ही तुझीच काट आहे, बघ.

शेजारी केप्लरचा 1619 चा नियम ठेव: परिभ्रमणकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. तोही ग्रहांच्या आकड्यांतच सापडलेला नमुना. पण त्याला गुरूच्या चंद्रांकडे ने. कॅलिस्टो हा आयोच्या 4.465 पट दूर आहे आणि त्याला एका फेरीला 9.434 पट वेळ लागतो. पहिल्याचा घन आणि दुसऱ्याचा वर्ग स्वतः करून बघ, दोन्ही 89 येतात. ग्रहांसाठी बसवलेला नमुना चंद्रांनाही लागू पडतो, कारण दोन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे, गुरुत्वाकर्षण, हे न्यूटनने 1687 मध्ये दाखवलं. टिटियसच्या मालिकेला दुसऱ्या घरी नेलं तर तेच आकडे मिळत नाहीत.

आणि नेपच्यून सापडला कसा, तर युरेनस न्यूटनच्या हिशोबातून किंचित सरकत होता म्हणून. ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तो फरक टाकून दिला नाही, त्यावरून न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण तिकडे वळवली आणि ग्रह सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत मिळाला. गंमत म्हणजे या गणितात अंतराचा पहिला अंदाज त्याच जुन्या मालिकेवरून धरला होता.

पुढे याच ल व्हेरिएने 1859 मध्ये बुधाच्या कक्षेतला फरक दाखवला. आजच्या मापाने तो शतकाला सुमारे 43 विकला आहे. कलेचे साठ भाग केले की एक विकला. त्याने पुन्हा न दिसलेला ग्रह सुचवला. तो ग्रह कधीच सापडला नाही, कारण या वेळी न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा पडत होता. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातून तो फरक नेमका निघाला. तोच माणूस, तीच पद्धत, एकदा जगात वस्तू कमी होती, दुसऱ्यांदा नियम कमी होता. फरकाच्या आकड्याकडे नुसतं बघून हे आधी सांगता आलं नसतं. मला विज्ञानाच्या इतिहासात याहून जास्त विचार करायला लावणारी जोडी माहीत नाही.

तुझी दुसरी शंका, सिद्धांत सिद्ध झाला की त्याचा नियम होतो का. होत नाही. नियम काय घडतं ते थोडक्यात सांगतो, सिद्धांत का घडतं ते उलगडतो, आणि एकाला बढती मिळून दुसरा होत नाही. गोंधळ आपल्या शब्दांमुळेही होतो. सिद्धांतात "सिद्ध" ऐकू येतं, आणि नियम म्हटलं की शाळेचे नियम आठवतात, पाळायचे आणि मोडायचे. बुध काही मोडत नव्हता. तो आपल्या वाटेने जात होता. चुकत होतं ते आपलं वर्णन.

आता काम. तशीच नवी स्प्रिंग घे, कारण जुनी आता बदललेली आहे. फुटपट्टी किती बारीक वाचता येते ते आधी लिही. वजनं चढवताना रीडिंग घे, मग एकेक उतरवतानाही घे, आणि दोन्ही एकाच आलेखावर वेगळ्या रंगाने मांड. एखादा आकडा खटकला तर काट मारू नकोस, त्या क्षणी स्प्रिंगकडे बघून काय दिसलं ते शेजारी लिही. उतरवतानाची रेषा चढवतानाच्या रेषेवर कुठपर्यंत बसते, आणि कुठल्या वजनानंतर बसत नाही, हे मला कळव.

वहीची वाट पाहतो आहे. कळावे.

तुझे सर